मुलंबाळं घेऊन मुक्कामी येणारे पाहुणे: फोनपासून निरोपापर्यंत

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की मुलं घेऊन एकमेकांकडे मुक्कामाला जाणं-येणं सुरू होतं. दोन दिवस छान जातात, तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी चेहरा पडतो आणि गाडी सुटली की दोन्ही घरांत 'पुढच्या वेळी नको बाई' म्हटलं जातं. यात मुलांचा दोष फार थोडा. श्रीखंड आणायचं की बासुंदी करायची यावर तासभर खल होतो, पण येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीला शेंगदाणे चालतात का, हे कुणी विचारत नाही. जे फोनवर बोलायचं ते जेवणाच्या ताटावर निघतं, आणि जे मोठ्यांनी एकमेकांना सांगायचं ते मुलांच्या आडून ऐकवलं जातं.

शहरातला दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात आजी-आजोबा, आणि दोन-तीन रात्रींसाठी येणारं, दहा वर्षांच्या आतली मुलं असलेलं कुटुंब, असं धरून हे टप्पे लिहिले आहेत. गणपतीला तासाभरासाठीच जाणार असाल तर सातवा टप्पा सोडून द्या. बाकीचे थोड्याफार फरकाने तेव्हाही लागतात.

## टप्पा १: फोन, निदान आठवडाभर आधी

आमंत्रण मोठ्या माणसांमध्ये होतं. काका काकूंना 'या' म्हणतात, काकू 'येतो' म्हणतात आणि विषय संपतो. खरा फोन त्यानंतर करायचा, आणि तो मुलांचं खाणं-झोपणं प्रत्यक्ष बघणाऱ्यांनी एकमेकांना करायचा. फॅमिली ग्रुपवर हे ठरत नाही. तिथे तेवीस जण अंगठे दाखवतात आणि कुणाला काही कळलेलं नसतं.

पाहुण्यांनी पाच गोष्टी सांगायच्या: कधी पोचणार, कधी निघणार, मुलांना काय चालत नाही, सध्या कुणाला बरं नाही का, आणि रात्री झोपेची काय तऱ्हा आहे. यातली निघण्याची वेळ हमखास राहते. 'बघू, जमेल तसं' हे ऐकायला मोकळंढाकळं वाटतं, पण यजमानांना दूध किती घ्यायचं, पोळ्यावाल्या मावशींना काय सांगायचं, रजा किती टाकायची, यातलं काहीच ठरवता येत नाही.

फोन असा असावा: "वहिनी, आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत पोचतो आणि सोमवारी सकाळचा चहा घेऊन निघतो. धाकटीला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, अंगभर गांधी उठते. कूट कशाकशात आहे तेवढं मला सांगा, तिच्या जेवणाचं मी बघते. आणि थोरला अजून कधीतरी रात्री गादी ओली करतो, मेणकापड आणतेय."

यजमानांनीही आपल्या घराची खरी स्थिती सांगावी. पाणी सकाळी सहा ते आठच येतं, मुलीची बारावी आहे, घरात मांजर आहे, आजोबा दुपारी झोपतात, सोमवारी नऊला ऑफिसचा कॉल आहे. हे आधी सांगण्यात संकोच वाटतो. ऐन वेळी बंद दारावर मुलं धडका मारतात तेव्हा जो वाटतो त्यापेक्षा तो बराच बरा.

सावध, दाण्याचं कूट: आपल्या स्वयंपाकात ते न दिसता असतं. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, कितीतरी पालेभाज्या, चटण्या. ज्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी 'चिमूटभरच घातलंय' हा हिशोब चालत नाही. मिक्सरचं भांडं आणि वाढायचा डावही वेगळा हवा. 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हणणाऱ्या आजींना हे घरातल्याच माणसाने, पाहुणे यायच्या आधी, नीट समजावून ठेवायचं. पाहुण्या सुनेला ते सांगायला लावू नका.

सावध, आजारपण: ताप उतरून, औषध न देता, पूर्ण एक दिवस गेल्याशिवाय निघू नका. उलट्या-जुलाब असतील तर थांबल्यावर दोन दिवस जाऊ द्या. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात. समोरच्या घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर नुसती शंका असली तरी बेत पुढे ढकला. यजमानांच्या घरात कुणाचे डोळे आले असतील तर त्यांनीही सांगायला हवं. तिकिटं फुकट गेली याचं वाईट वाटतं, ते वाटू द्या.

## टप्पा २: घर, आदल्या दिवशी

सोफ्याची कव्हरं बदलण्याआधी हे करा. गुडघ्यांवर बसा आणि त्या उंचीवरून प्रत्येक खोलीत एकदा फिरा. ज्यांच्या घरी बरीच वर्षं लहान मूल नाही, त्यांना हात पोचेल अशा जागी काय काय ठेवलंय हे उभ्याने दिसतच नाही.

पहिलं लक्ष आजी-आजोबांच्या गोळ्यांकडे. पलंगाशेजारच्या डब्यातल्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या लहान मुलाला अगदी एक-दोनही जिवावर बेतू शकतात, आणि मुलांना त्या गोळ्या-चॉकलेटांसारख्याच दिसतात. डबा कपाटात वर, कुलपात. बरोबर येणाऱ्या पाहुण्या आजींची पर्सही त्याच कपाटात. ही पर्स सगळे विसरतात.

मग बटणासारखे चपटे सेल. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी यांची मागची झाकणं सैल नाहीत ना ते बघा, असतील तर चिकटपट्टी लावा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. 'शीतून पडेल' म्हणून वाट बघायची नाही, उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

बाकीचं भराभर: डांबरगोळ्या, फिनेल, डास पळवण्याचं लिक्विड वर उचला. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवायची सवय असेल तर ती बाटली आजच घराबाहेर काढा. गॅलरीतली खुर्ची, स्टूल, मोठी कुंडी कठड्यापासून लांब. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. आंघोळीला बादलीत आधी गार पाणी, मग गिझरचं. बाथरूमची आतली कडी मूल लावून घेतं आणि त्याला ती काढता येत नाही, म्हणून वरच्या बाजूची कडी असेल तेवढीच वापरात ठेवा, खालची दोरीने बांधून टाका. देवघर जमिनीलगत असेल तर समई आणि काडेपेटी वरच्या फळीवर.

आता तुमचं स्वतःचं मूल. पाहुणे यायच्या आधी त्याला शांतपणे विचारा, "यातलं काय काय तुला कुणालाच द्यायचं नाहीये?" तीन-चार वस्तू त्याने निवडायच्या, त्याच्यासमोर त्या कपाटात बंद करायच्या. बाहेर उरलं ते सगळ्यांचं. हे न करता ऐन भांडणात 'तो पाहुणा आहे ना, दे त्याला' म्हणणं ही यजमानांची सगळ्यात नेहमीची चूक. त्या क्षणापासून पाहुणा मुलगा तुमच्या मुलाचा वैरी होतो, आणि दोष दोघांपैकी एकाचाही नसतो.

तपासा: गोळ्या कुलपात? सेलची झाकणं घट्ट? कठड्याजवळ चढण्यासारखं काही नाही? बादल्या रिकाम्या? एवढं झालं की मग खुशाल सोफ्याची कव्हरं.

## टप्पा ३: पाहुण्यांची बॅग

मुलाची नेहमीची औषधं आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं तापाचं सिरप. पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढे डायपर. मेणकापड. ज्या गोधडीशिवाय किंवा बाहुलीशिवाय झोप येत नाही ती वस्तू. आवाज न करणारी दोन खेळणी. मुलांचा ओळखीचा थोडा सुका खाऊ.

यजमानांच्या मुलांसाठी न्यायचा खाऊ त्यांच्या आईच्या हातात द्या. रात्री पावणेआठला दारातच चॉकलेटचा डबा मुलांच्या हाती गेला की त्या दिवशीचं जेवण गेलंच. त्या घरात दोन मुलं असतील तर दोन सारख्या वस्तू. शिट्ट्या, भोंगे, पाण्याच्या पिचकाऱ्या नेऊ नका. नेणारे आपण तीन दिवसांनी निघून जातो, भोंगा तिथेच राहतो.

प्रवासात मुलांना तीनच गोष्टी सांगा: चपला दाराबाहेर, फ्रीज आणि कपाट विचारल्याशिवाय उघडायचं नाही, बंद दारावर टकटक करायची. दहा सूचना दिल्या तर एकही लक्षात राहत नाही.

## टप्पा ४: आल्यावरचा पहिला अर्धा तास

दारात मूल आईच्या मागे लपतं आणि चहूबाजूंनी सुरू होतं: "ओळखलंस का मला? मामाला पापा दे. ती कविता म्हणून दाखव ना. किती टक्के पडले?" हे सगळं थांबवा. मुलाला सोडून द्या, तेवढ्या वेळात मोठ्यांशी बोला. थोड्या वेळाने ते आपणहून खेळण्यांकडे सरकतं.

पापा मागू नये आणि आईवडिलांनीही द्यायला लावू नये. हात जोडून नमस्कार केला तरी मान राखला जातो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर चेहऱ्याचे मुके घ्यायचेच नाहीत, आणि हात धुतल्याशिवाय उचलायचं नाही. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मध चाटवायचा नाही, कुणी कितीही प्रेमाने बोट पुढे केलं तरी. मधातल्या जंतूंमुळे त्या वयात बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो.

क्रम असा ठेवा: पाणी, मग बाथरूम कुठे ते दाखवणं, मग खाणं. प्रवासातून आलेल्या मुलाला पोह्यांआधी बाथरूम हवं असतं आणि ते विचारायला लाजतं.

मग यजमानांनी मुलांना घर दाखवावं आणि नियमही तिथेच सांगावेत, त्यांच्या आईवडिलांना ऐकू जाईल असे. "गॅलरीत मोठं कुणी असेल तरच जायचं. दुपारी दोन ते चार आजोबांच्या खोलीत नाही. बाकी घर तुमचं." दोन-तीन नियम पुरे. (पुण्यात असाल तर वेळ एक ते चार करून घ्या, कुणाला नवल वाटणार नाही.)

मोबाइल आणि टीव्हीचं त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय काही करू नका. आपल्या प्रेमळ काकांनी 'घे रे माझा फोन' म्हणून हातात दिलेला फोन परत घेताना होणारं रडणं काकांना निस्तरावं लागत नाही.

## टप्पा ५: जेवण

मुलांची पंगत आधी, साडेसात-आठला. मोठ्यांच्या गप्पा संपून पानं घेतली जातात तेव्हा साडेनऊ झालेले असतात, आणि नऊनंतर उपाशी मूल जे करतं त्याला आपण हट्ट म्हणतो.

वेगळा स्वयंपाक लागत नाही. मिरचीची फोडणी घालण्याआधी वरण बाजूला काढा, भात थोडा मऊ करा, तूप आणि लिंबू. बटाट्याची एक बिनतिखट भाजी. एवढ्यावर बहुतेक घरांतली मुलं तीन दिवस काढतात. पनीरचे प्रयोग मोठ्यांवर करा.

सावध, घशात अडकणारं: चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांपुढे अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं ठेवायची नाहीत. द्राक्षं उभी चिरून द्या. चिवड्याची ताटली टीपॉयवर ठेवून मोठी माणसं गप्पांत रंगली की नेमकं हेच घडतं. पळता पळता काहीच खायचं नाही.

आग्रह मोठ्यांना करा, तोही एकदाच. मुलांना नाही. 'पानात टाकायचं नाही' हा तुमच्या घरचा नियम असेल तर मुलांना वाढतानाच चमचाभर वाढा.

पाहुणा मुलगा म्हणाला, "काकू, मला मॅगी हवी," तर उत्तर काकूंनी द्यायचं नाही, त्याच्या आईने किंवा बाबांनी द्यायचं. त्यांना नको असताना काकूंनी पातेलं चढवलं की त्या घरात पुढचे तीन दिवस आईचा शब्द चालत नाही. आणि आईवडिलांनीही 'ही ना, घरी सगळं खाते, इथेच काय झालंय कोण जाणे' असं बोलू नये. स्वयंपाक करणारीच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं.

मुलांची आई नेहमी गार जेवते. यजमानांपैकी एकाने, नाहीतर मुलांच्या बाबांनी, तिच्या जेवणाच्या वेळी मुलांना ताब्यात घ्यायचं. न सांगता घ्यायचं.

मदतीचंही असंच. 'काही मदत करू का?' या प्रश्नाला आपल्याकडे 'नको नको, बस तू' एवढं एकच उत्तर आहे, म्हणून विचारूच नका. एक काम उचला आणि शेवटपर्यंत करा: मुलांची खरकटी ताटं, खाली सांडलेला भात, रात्रीचं दूध. फक्त पहिल्या दिवशी खरकटं कुठे, ओला कचरा कुठे, अंडं कुठल्या भांड्यात चालतं, एवढं विचारून घ्या. भांडीवाल्या मावशींना यजमानांनी आधी कल्पना द्यावी आणि जास्तीच्या कामाचे पैसे त्यांचे त्यांनी द्यावेत. पाहुण्यांना वेगळं काही द्यायचं असेल तर किती, ते यजमानांना विचारूनच, नाहीतर पुढच्या पाहुण्यांची पंचाईत होते.

## टप्पा ६: खोड्या, भांडणं, तोडफोड

कोणी कोणाला बोलायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून सगळं इथे बिनसतं. माझा क्रम असा आहे.

१. जिवाचा प्रश्न असेल तर जो मोठा माणूस जवळ आहे त्याने. गॅस, गॅलरी, रस्ता, कुत्रा. विचारत बसायचं नाही, ओढून बाजूला घ्यायचं.

२. घराचा नियम मोडला तर यजमानांनी, थेट मुलाला, एकदाच, आवाज न चढवता. "सोनू, भिंतीवर नाही, हा घे कागद."

३. वागण्याचा प्रश्न, म्हणजे मारणं, चावणं, उलट बोलणं, लोळण घेणं, फक्त त्याच्या आईवडिलांनी. यजमानांना काही दिसलं तर बाजूला बोलावून त्यांना सांगावं. आणि सांगितल्यावर आईवडिलांनी उठायचं, 'अगं लहान आहे तो' म्हणून बसून राहायचं नाही.

लेकी बोले सुने लागे हा प्रकार या तिन्हींत कुठेच बसत नाही, आणि आपल्या घरांत सगळ्यात जास्त चालतो तो हाच. पाहुणी आपल्या मुलाला म्हणते, "बाळा, इथे नाही हं मिळत असलं, घरी गेल्यावर देते." यजमानीण आपल्या मुलीला मोठ्याने विचारते, "आपल्याकडे सोफ्यावर उड्या मारलेल्या चालतात का गं?" ज्याला लागायचं त्याला लागतं, मुलांना काहीच कळत नाही आणि उड्या चालूच राहतात. त्याऐवजी सरळ सांगा: "ताई, सोफ्याची स्प्रिंग आधीच गेलीय, उड्या नकोत. खाली गादी टाकू का त्यांना?" यात कुणाचा अपमान नाही, आणि मुलांना उडायला जागाही मिळते.

काच फुटली तर आधी मुलांना उचलून दुसऱ्या खोलीत न्या आणि सगळ्यांनी चपला घाला. मोठे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळा, झाडून काढा, मग कणकेचा गोळा फरशीवरून दाबत फिरवा. केसाएवढे बारीक कण, जे केरसुणीला लागत नाहीत, ते त्या गोळ्याला चिकटून येतात. गोळा काचेबरोबर कागदात गुंडाळून टाका. गाईला-कुत्र्याला घालायच्या खरकट्यात जाऊ देऊ नका.

माफी त्यानंतर. ती आईवडिलांनी मागायची. मुलाला मान धरून 'सॉरी म्हण' करत उभं करू नका. भरपाईचं एकदा विचारा. यजमानांनी तिथल्या तिथे ठरवावं: 'राहू दे' म्हणायचं असेल तर ते कायमचं राहू द्यायचं, मागून चार नातेवाइकांना त्या बरणीची किंमत सांगायची नाही. वस्तू खरोखर महत्त्वाची असेल तर 'हो, तशीच मिळाली तर आण' म्हणायला हरकत नाही. आणि यजमानांना दाखवण्यासाठी मुलाला फटका देणं बंद करा. त्यांना त्याने बरं वाटत नाही, अवघडल्यासारखं होतं.

मुलामुलांची भांडणं लागली तर न्यायनिवाडा करत बसू नका. दोघांना दोन खोल्यांत वेगवेगळं काम द्या. मोठ्यांनी आपापल्या मुलाची बाजू घेतली की मुलं पुन्हा खेळायला लागतात आणि जावा-जावा वर्षभर बोलत नाहीत.

## टप्पा ७: रात्र

कोण कुठे झोपणार हे दिवसाउजेडी ठरवा आणि गाद्या मुलं पेंगायच्या आधी घाला. लहानांच्या गादीवर मेणकापड, वर जाड चादर. बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा. परक्या घरात मूल अंधारात उठून जात नाही आणि मग गादी ओली होते.

झालीच ओली, तर लपवू नका. गादी उलटी करून वर पलंगपोस घालणं हा उपाय नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी घरभर कळतंच. सकाळी यजमानांना बाजूला घेऊन सांगा आणि काम स्वतः करा. कापसाच्या गादीवर पाणी ओतायचं नाही, आत कापसाच्या गाठी होतात. कोरडा टॉवेल दाबून ओल टिपा, व्हिनेगर घातलेल्या पाण्याचं फडकं घट्ट पिळून पुसा, वर खायचा सोडा भुरभुरा, सुकला की झटका आणि गादी गच्चीत उन्हात टाका, दुपारी उलटा. यजमानांनी एकच करायचं: नाश्त्याच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही आणि घरातल्या मोठ्या मुलांनाही काढू द्यायचा नाही.

## टप्पा ८: निघताना

मुलांना पंधरा मिनिटं आधी सांगा. खेळ तोडून उचललं तर जिन्यात रडणं अटळ.

वापरलेल्या चादरी एका जागी गोळा करा. डायपर फ्लशमध्ये कधीच नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने ही लाल ठिपक्याची खूण रुजवली, म्हणजे आत काय आहे हे उघडून बघावं लागत नाही. खूण कुठल्याही गावात चालेल.

मुलांच्या हातावर पैसे ठेवायची पद्धत दोन्ही घरांत असेल तर रक्कम सगळ्या मुलांना सारखी, थोरला-धाकटा भेद नको. 'नको हो', 'अहो राहू द्या' एकदा म्हणून झालं की घेऊ द्या. लिफ्ट धरून पाच मिनिटं खिशात कोंबाकोंबी चालली असताना खाली रिक्षा उभी असते.

तपासा: बाथरूमच्या खिळ्यावरचा टॉवेल, दोरीवरचे मोजे, फ्रीजमधलं औषध, सोफ्याखाली गेलेलं खेळणं, भिंतीतला चार्जर, आजींची कपाटात ठेवलेली पर्स.

पोचल्यावर पाहुण्यांनी फोन करायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला ताप आला तर तेही कळवायचं, म्हणजे इकडच्या मुलांवर लक्ष ठेवता येतं. यजमानांनी त्याच दिवशी मोबाइलमध्ये त्या कुटुंबाच्या नंबराखाली लिहून ठेवावं: धाकटी, शेंगदाणे नाही, कूटही नाही.